शहरात चालवायला डिझेल गाडी घ्यावी का?

मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपल्यावर वस्तीतला एक तरुण विहाराच्या पायरीवर आमच्याजवळ येऊन बसला. आधी थोडा घुटमळला. मग म्हणाला, "ताई, आरोग्याच्या पानावर गाडीचा प्रश्न चालेल का?"

त्याची गोष्ट अशी. दोघा भावांनी मिळून कर्जावर घेतलेली एक लहान पेट्रोल गाडी घरात आहे. रोज सात किलोमीटरवरच्या कामावर जायचे आणि परत यायचे. महिन्यातून एक-दोनदा आईला दवाखान्यात न्यायचे, कधी एखादे लग्न, कधी पाहुण्यांना स्टेशनवर सोडणे. पेट्रोलचा खर्च जड जातो. ओळखीच्या एजंटने सेकंडहॅण्ड डिझेल गाडी दाखवली आहे. "डिझेल स्वस्त, ॲव्हरेज जास्त," असे तो म्हणतो. गाडी पसंत आहे. पण आईला दमा आहे आणि गाडी उभी राहणार ती तिच्याच खिडकीखाली. "आईला त्रास होणार नाही ना?" हा त्याचा खरा प्रश्न होता.

हे पान लिहिणाऱ्या आमच्यात एक ताई पालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहेत आणि एक दादा पंचवीस वर्षांहून जास्त काळ मुंबईत टॅक्सी चालवत आहेत. दोघांशी बोलून आम्ही त्याला जे सांगितले, ते इथे सर्वांसाठी लिहितो. कारण गाडी, टेम्पो, टुरिस्टची कार आता वस्तीतही पुष्कळ घरांत आली आहे आणि "पेट्रोल विकून डिझेल घेऊ का" हा प्रश्न एकट्याचा राहिलेला नाही.

आधी धूर कुठून येतो ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा बहुतेक वेळा आधी नीट मिसळते, मग ठिणगी पडून ती पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. नुसती हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. म्हणूनच डिझेल इंजिनाचा आवाज खडखडाटी असतो आणि तेवढ्याच इंधनात ते जास्त अंतर कापते. ॲव्हरेज जास्त असते हे एजंटचे म्हणणे खोटे नाही. पण फवाऱ्याच्या प्रत्येक थेंबाला पुरेशी हवा मिळतेच असे नाही. थेंबाच्या पोटातला भाग अर्धवट जळतो आणि त्याची काजळी होते.

काजळी म्हणजे काय हे आपल्या घरातल्या बायांना सांगायला नको. रॉकेलचा स्टोव्ह भडकला की पातेल्याचे बूड कसे काळे होते, चुलीवरच्या घरात भिंत कशी काळवंडते, हे आपल्या आया-आज्यांनी जन्मभर पाहिले आहे. फरक एवढाच की डिझेलच्या काजळीचे कण फार बारीक असतात. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण मावतील. नाकातल्या केसांत ते अडकत नाहीत, घशातही थांबत नाहीत. फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात आणि त्यातले काही रक्तात उतरतात. म्हणून धुराचा त्रास फक्त खोकल्यापुरता राहत नाही. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशीही त्याचा संबंध आहे. शिवाय कणाच्या अंगाला इंधनातली घातक रसायने चिकटलेली असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला पहिल्या गटात टाकले. म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत, जिथे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस आहेत. धोक्याचे प्रमाण सर्वांचे सारखे असते असा याचा अर्थ नाही, पुरावा पक्का आहे एवढाच अर्थ. आणि हा पुरावा कोणाच्या शरीरातून आला? त्यातला मोठा भाग अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक खाण कामगारांच्या अभ्यासातून आला. जमिनीखाली डिझेल यंत्रांच्या धुरात वर्षानुवर्षे राबलेली ती माणसे. आपल्यातलेही कितीतरी जण गॅरेजात, बस डेपोत, ट्रकांच्या अड्ड्यावर, पहाटेच्या झाडूकामात हाच धूर घेतात. त्यांना तोंडाला बांधलेल्या रुमालाने काही फायदा होत नाही. एवढे बारीक कण कापडातून सहज आत जातात. नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

डिझेलच्या धुरात दुसरी वस्तू असते ती नायट्रोजनचे वायू. ते दिसत नाहीत, पण श्वासनलिकेला झोंबतात. दमेकऱ्याला झटका यायला तेवढे निमित्त पुरते. लहान मुले मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात आणि त्यांची उंचीही सायलेन्सरच्या जवळची. ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेला, त्यांची फुप्फुसे औषधाने बरी झाली तरी बऱ्याचदा आतून व्रण राहून कमजोर झालेली असतात. आपल्या वस्त्यांत अशी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत.

पेट्रोलची गाडी सोवळी आहे असे मात्र कोणी समजू नये. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू जास्त असतो. गाडी बंद जागेत उभी करून, काचा लावून, एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपलेली माणसे सकाळी मेलेली सापडली, अशा बातम्या येतात त्या याच वायूमुळे. रात्रपाळीच्या चालकांनी हे कधीही करू नये, गाडी पेट्रोलची असो वा डिझेलची. पण काजळी आणि नायट्रोजनचे वायू यांच्या बाबतीत जुनी डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा वाईट, यात शंका नाही.

नवी गाडी स्वच्छ असते ना?

हा प्रश्न त्या तरुणानेही विचारला आणि तो रास्त आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलमधले गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर आला. गॅरेजवाले त्याला डीपीएफ म्हणतात. हा फिल्टर नीट चालत असेल तर मागून काळा धूर जवळजवळ येतच नाही. पांढरा रुमाल धरला तरी तो सहसा काळा होत नाही. त्याआधीच्या, म्हणजे बीएस-४ च्या बहुतेक लहान डिझेल गाड्यांत हा फिल्टर नव्हता.

आता फिल्टरमध्ये पकडलेली काजळी जाते कुठे? ती तिथेच साठते. ठरावीक प्रमाणात साठली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. त्यासाठी फिल्टर साधारण ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि तापण्यासाठी गाडी बऱ्यापैकी वेगात सलग धावावी लागते, पंधरा-वीस मिनिटे तरी. महामार्गावर हे आपोआप होते. पण वस्तीतून निघून सिग्नल, मेट्रोचे खोदकाम, पुन्हा सिग्नल असे करत सात किलोमीटर जायला जिथे पाऊण तास लागतो, तिथे इंजिन धड तापेपर्यंत कामाचे ठिकाण येते. काजळी जळायला सुरुवात होते आणि आपण चावी फिरवून गाडी बंद करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी ओढेनाशी होते.

एवढ्यावर भागत नाही. काजळी जाळण्यासाठी पुष्कळ गाड्या सिलिंडरमध्ये थोडे जादा डिझेल सोडतात. ते पुरते जळले नाही तर खाली ओघळून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते आणि इंजिन झिजते. ऑइलची पट्टी काढून पाहिली तर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. लोक उलट खूश होतात, की बघा, गाडी ऑइल खात नाही.

म्हणजे शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी सेकंडहॅण्ड डिझेल घेणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. २०२० च्या आधीची घेतली तर बहुधा फिल्टरच नाही, सगळी काजळी गल्लीत. नंतरची घेतली तर फिल्टर आहे, पण आपल्या वापरात तो टिकत नाही.

आणि टिकला नाही की काय होते ते आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्यापैकीच एकाने अशी गाडी घेतली होती. मुलीला शाळेत सोडणे, स्टेशन, बाजार, सगळ्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या. आठ महिन्यांत दिवा लागला. जवळच्या गॅरेजमध्ये नेली तर मिस्त्री म्हणाला, "दादा, फिल्टर काढूनच टाकू. सॉफ्टवेअरमधून बंद करतो, दिवा परत लागणार नाही. पिकअप पण वाढेल." नवा फिल्टर घ्यायचा तर लाखाच्या घरात खर्च, हा उपाय अठरा हजारांत. कोण नाही म्हणेल? आमच्या माणसानेही हो म्हटले. पिकअप खरेच वाढला.

दोन महिन्यांनी शेजारच्या आजींनी त्याला हाक मारली. त्यांची पांढरी साडी दोरीवर वाळत होती. विहारात नेसून जायची म्हणून त्या ती वेगळी धूत. तिच्यावर काळे ठिपके होते. "सकाळी तुझी गाडी चालू झाली की दार लावून घेते रे बाळा, पण साडीला कुठं दार लावू?" असे त्या म्हणाल्या. त्यांचा खोकला गाडीमुळेच सुरू झाला असे आम्ही म्हणणार नाही. तसे ठामपणे कोणी सांगू शकत नाही. पण आपल्या वस्तीची रचना बघा. सहा-सात फुटांची गल्ली, वर पत्रे आणि ताडपत्री, सायलेन्सर आणि खिडकीचा उंबरा जवळजवळ एका उंचीला. मोठ्या रस्त्यावरचा धूर वाऱ्याने पांगतो. गल्लीतला धूर पांगायला जागाच नसते, तो घरात शिरतो. आमच्या माणसाने फिल्टर परत बसवायचे ठरवले तेव्हा कळले की मिस्त्रीने आतला गाभा फोडून काढून घेतला होता. त्या गाभ्यात प्लॅटिनमसारखा महाग धातू असतो, हे त्याला माहीत होते, आम्हाला नव्हते.

हे काम बेकायदाही आहे. कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई केली आहे. पीयूसी मिळते ना, मग झाले, असेही समजू नका. पीयूसीच्या वेळी डिझेल गाडीच्या धुराची फक्त दाटी मोजतात. डोळ्यांना न दिसणारे बारीक कण त्या चाचणीत पकडले जात नाहीत. फिल्टर काढलेली गाडीही पुष्कळदा पास होते. म्हणून सेकंडहॅण्ड डिझेल बघायला जाल तेव्हा पीयूसीच्या कागदावर विसंबू नका. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघा. बीएस-६ गाडी असून बोट काजळीने माखले, तर फिल्टर गेला आहे किंवा काढला आहे.

वहीतला हिशेब

त्या तरुणाला आम्ही एकच काम दिले. महिनाभर रोजचे किलोमीटर वहीत लिहायचे. वही घेऊन आला तेव्हा बेरीज ४३० किलोमीटर होती. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटले. त्याच्या मते तो "हजारभर तरी" चालवत होता.

आता हिशेबापुरते धरू की पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गर्दीत ॲव्हरेज १३. म्हणजे किलोमीटरला ८ रुपये. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज १८. म्हणजे ५ रुपये. किलोमीटरमागे ३ रुपये वाचले. महिन्याला ४३० किलोमीटर म्हणजे १,२९० रुपये, वर्षाला साडेपंधरा हजारांच्या आत. आपली गाडी विकून ती डिझेल घ्यायला त्याला वर दीड लाख घालावे लागणार होते. तेवढे वसूल व्हायला साडेनऊ वर्षांहून जास्त लागतात, आणि यात कर्जाचे व्याज नाही, फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बोचे एकही काम नाही. भाव बदलतात, तुम्ही तुमच्या पंपावरचा भाव घाला. हिशेबाची रीत हीच.

डिझेल स्वस्त ही समजूतही बरीचशी जुन्या दिवसांची आहे. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता, कारण डिझेलचा भाव सरकार धरून ठेवत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते बंधन गेले. मुंबईत अलीकडच्या काही वर्षांत हा फरक बारा ते चौदा रुपयांवर आला आहे. नवी गाडी घेताना महाराष्ट्रात डिझेलला एकरकमी कर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त भरावा लागतो. देशात सर्वात जास्त गाड्या विकणाऱ्या मारुतीने तर एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणेच सोडले; लहान गाडीला महागडी धूर-यंत्रणा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण.

"पण काका, वर्षातून एकदा दीक्षाभूमीला गाडीनेच जायचा विचार आहे," तो दादांना म्हणाला. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, डिझेलला अगदी योग्य रस्ता. दादा हसले. "वर्षातल्या दोन दिवसांसाठी ३६३ दिवस कशाला त्रास काढतोस? तेवढ्यापुरती गाडी भाड्याने करू, चार घरं मिळून जाऊ." ज्यांचे कामच महामार्गावर आहे, आठवड्यातून दोन-तीनदा पुणे-नाशिक करणारे, त्यांच्यासाठी चांगल्या स्थितीतली बीएस-६ डिझेल गाडी वाईट निवड नाही, हे आम्हालाही मान्य आहे.

पण जो दिवसभर शहरातच टॅक्सी चालवतो, त्याचे काय? त्याचे महिन्याला २,६०० किलोमीटर होतात. वरच्याच हिशेबाने डिझेलमुळे ७,८०० रुपये वाचतील. रक्कम मोठी आहे. पण सीएनजी ८० रुपये किलो आणि ॲव्हरेज २० धरले तर किलोमीटरला ४ रुपयेच पडतात, म्हणजे पेट्रोलपेक्षा १०,४०० रुपये वाचतात. दादांनी हा बदल स्वतः जगला आहे. एकेकाळी मुंबईच्या कितीतरी काळ्या-पिवळ्या डिझेलवर धावत. धुराविरुद्ध नागरिक कोर्टात गेले आणि २००१ नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. तेव्हा चालकांनी कुरकुर केली, दादांनीही केली. रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागे, डिकी सिलिंडरने भरून जाई. "पण घरी गेल्यावर नाक शिंकरलं तर काळं यायचं, ते थांबलं," एवढे ते आजही सांगतात.

त्या तरुणाच्या गाडीला मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येते. पन्नास-साठ हजार खर्च धरला तरी त्याच्या ४३० किलोमीटरच्या वापरातही अडीच ते तीन वर्षांत पैसे फिटतात. मात्र आरसी बुकात नोंद करून घ्यायची, दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी करायची आणि कोपऱ्यावरच्या कुणाकडून स्वस्तातले किट बसवायचे नाही. सीएनजीतून काजळी फारच कमी येते. नायट्रोजनचे वायू त्यातूनही थोडे येतातच.

डिझेल गाडी घरात आहेच, तर

विकून टाका असे आम्ही म्हणणार नाही. सगळ्यांना ते जमत नाही. पण आठवड्यातून एकदा तिला पूर्वद्रुतगती, पश्चिमद्रुतगती किंवा जवळच्या मोकळ्या रस्त्यावर सलग वीस-पंचवीस मिनिटे न्या. दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका, गाडीच्या पुस्तकात काय लिहिले आहे ते वाचा. इंजिन बंद केल्यावरही पंखा जोरात चालत राहिला आणि गरम वास आला, तर काजळी जाळण्याचे काम अर्धवट राहिले असे समजा. अशा वेळी सायलेन्सर अतिशय तापलेला असतो. गाडी कचऱ्याच्या ढिगावर, सुक्या गवतावर किंवा ताडपत्रीला लागून उभी करू नका. सकाळी गल्लीत पाच-पाच मिनिटे इंजिन "गरम" करत ठेवायची मुळीच गरज नाही. चालू करा आणि हळूहळू निघा, इंजिन धावतानाच नीट तापते. उभी करताना सायलेन्सरचे तोंड कोणाच्या दारा-खिडकीकडे येणार नाही एवढे बघा. गर्दीत अडकलात तर काचा लावून हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबा, पण अधूनमधून बाहेरची हवा घ्या, नाहीतर पेंग येते.

घरात दमेकरी असेल तर डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेला इन्हेलर बरे वाटते म्हणून बंद करू नये. त्याची सवय लागते ही भीती चुकीची आहे. आणि कोणाचाही खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, तर तो धुराचा आहे असे घरीच ठरवू नका. पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

आणखी एक गोष्ट परिचारिका ताईंनी आवर्जून लिहायला सांगितली आहे. गाडीच्या टाकीतून नळी घालून तोंडाने डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेल ओढू नका. गॅरेजातली पोरे सर्रास करतात. एक घोट चुकून श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाला गंभीर सूज येते. कोणी गिळलेच तर त्याला मीठपाणी पाजून उलटी करायला लावू नका, उलटीबरोबर ते पुन्हा फुप्फुसात जाते. तोंड धुवायला लावा आणि खोकला नसला तरी लगेच दवाखान्यात न्या.